सारजाबाईनं भंडारा उचलला

हिवरखोरीत सारजाबाईच्या जिभेला सगळे भ्यायचे आणि डोळ्यांवर सगळे विश्वास ठेवायचे. जिभेचं कारण उघड होतं. सरपंच असो की तलाठी, तिला भीडभाड म्हणून नव्हती. डोळ्यांचं कारण मेंढरं. आपल्याला डोंगरकडेला चरणाऱ्या दोन काळ्या मेंढ्या दाखवल्या तर कोणती कोणाची हे सात जन्मांत सांगता येणार नाही. सारजाबाई कळपातली एकूण एक मेंढी तोंडावरून ओळखायची. धारूरच्या बाजारात तिनं एकदा चोरीला गेलेली मेंढी हुडकून काढली होती. चोरानं कानाची खूण बदलली होती. "कान बदललास बे, तोंड कुठनं बदलशील," म्हणत तिनं त्याला भर बाजारात उभा-आडवा घेतला होता.

त्यामुळं गावातल्या बड्या शेतकऱ्याचा, अर्जुनरावांचा, धाकटा मुलगा अंगद विहिरीत पडून गेला, तेव्हा काय झालं असेल यावर गावानं फार डोकं खाजवलं नाही. रानात तिघंच होती. एक अंगद, तो तर गेला. दुसरा बजरंग, म्हणजे सारजाबाईच्या सुनेचा, अंजूचा, भाऊ. आणि तिसरी स्वतः सारजाबाई. तिनं पाहिलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला.

त्या संध्याकाळी अर्जुनरावांच्या ओट्यावर बसून तिनं सांगितलं ते असं. सोयाबीन निघालं होतं आणि अर्जुनरावांनी दरसालासारखी रान खतवायला मेंढरं बसवली होती. बजरंगनं आपली मेंढरं तिच्याच कळपात मिसळली होती. दुपारी अंगद पिऊन आला. मित्रांच्या पार्टीला त्याला एक कोकरू हवं होतं, आणि त्यानं नेमकं बोट दाखवलं ते खंडोबाला सोडलेल्या कोकरावर. बजरंग नाही म्हणाला. अंगदनं त्याची गचांडी धरली, एक थोबाडीत दिली आणि शिव्या देत मागं मागं सरकत गेला. मागं जुनी विहीर होती आणि तिचा कठडा कधीचाच ढासळलेला. बजरंगनं हात पुढं टाकला, मनगट धरलंही, पण घामानं ते निसटलं. त्यानं मागोमाग उडी टाकली. सारजाबाई हिवराच्या झाडाखालून पळत आली. घोंगडी अंगाला गुंडाळून तिनं नेसूचं हिरवं लुगडं फेडलं, विहिरीत सोडलं आणि झाडाच्या मुळाला पाय लावून ओढत राहिली. लुगडं मधोमध फाटलं. खालून बजरंग ओरडत होता, "सुटला, मावशी. धरला व्हता, सुटला." अंगदचं डोकं पायरीच्या दगडावर आपटलं होतं.

अर्जुनरावांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. पोराच्या दारूबद्दल त्यांना कुणी नवं सांगायची गरज नव्हती. पोलिसांनीही सारजाबाईचा जबाब घेतला आणि अपघाताची नोंद केली.

थोरला विजयसिंह मात्र ऐकून घ्यायला तयार होईना. अंगदला त्यानं खांद्यावर बसवून धारूरचा किल्ला दाखवला होता. आपला भाऊ दारू पिऊन, पाय घसरून मेला, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. त्यात जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. दुःख खरं होतं आणि निवडणूकही खरी होती, आणि दोन्ही एकाच गाडीला जुंपली की गाडी कुठं जाईल ते हाकणाऱ्यालाही कळत नाही.

धारूरच्या स्टँडजवळ सत्यमचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, मधल्या काळात लग्नाचे. अलीकडं त्यानं नवाच धंदा काढला होता. कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं, आणि एआय हवा तसा व्हिडिओ करून द्यायचा. मेलेले आजोबा नातवाच्या बारशाला येऊन आशीर्वाद द्यायचे. साधा सोसायटीचा चेअरमन वाघावर बसून यायचा. लोक हसायचे, फोन हातोहात फिरवायचे, कुणाचं काही बिघडत नव्हतं. विजयसिंहनं त्याच्याकडून एक व्हिडिओ करून घेतला. अंगदला न्याय द्या, असं वर मोठ्या अक्षरात. हे दृश्य काल्पनिक आहे, असं खाली मुंगीच्या अक्षरात. सत्यमनं आपल्या बाजूनं नियम पाळला होता.

अंजूनं तो सासूला दाखवला तेव्हा सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. विहीर सिमेंटची. झाड नारळाचं. बजरंगला मिशा. आणि मेंढरं पांढरीफेक, गुबगुबीत, कधी धुळीत बसली नसावीत अशी. "ही कुठली मेंढरं म्हणायची? ह्यांना आपल्या रानात सोडलं तर सांजंपतूर मरतील की," ती म्हणाली.

"मेंढरं सोडा, आत्या. बजरंगदादा ढकलतोय असं दावलंय त्यात," अंजू म्हणाली. ती बारावीपर्यंत शिकली होती आणि तिला हसू येत नव्हतं.

"दाव की. आपण पाह्यलंय न्हवं? कावून भ्यायचं? नारळाच्या झाडाखाली मेलेल्या माणसाचं कोण खरं धरंल?"

बाई बरोबर बोलत होती. तो व्हिडिओ कुणी खरा धरला नाही. गावातली पोरंसुद्धा टिंगल करायला लागली, आणि विजयसिंहनं सत्यमला फोनवर झाडलं. मग सत्यम स्वतःच मोटारसायकल घेऊन हिवरखोरीला आला. विहिरीचे, रानाचे फोटो काढले, आणि मेंढरांच्या वाड्यावर येऊन गोड आवाजात म्हणाला, "मावशी, पहिला जरा चुकला. तुमी सांगा, कसं व्हतं रान. जसं सांगाल तसं करतो."

इथं सारजाबाईनं जे केलं त्याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. पण जी बाई दुसऱ्याच्या कळपातली लंगडी मेंढीसुद्धा बघवत नाही म्हणून तिच्या पायातला काटा काढायला जाते, तिच्यासमोर कुणी चुकीचं चित्र धरलं तर ती गप्प कशी बसणार. तिनं त्याला सगळं दुरुस्त करून दिलं. मेंढरं काळी, दख्खनी. झाड हिवराचं, आणि त्याची एक फांदी विहिरीकडं वाकलेली. कठड्याचे दगड इकडनं ढासळलेले, तिकडनं न्हाई. अंगदचा सदरा पांढरा, बाह्या दुमडलेल्या. बजरंगचं मुंडासं लाल, आणि त्याला मिशा न्हाईत. खंडोबाचं कोकरू कपाळावर पांढरं. आणि मी इथं उभी व्हते, काठी अशी धरून. सत्यमनं तिचे फोटो काढायचं म्हटलं, तेव्हा ती आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आली. अंजिरी रंगाचं इरकली, लाल काठांचं. अंगदच्या तेराव्याला बायनाबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईनं, आपल्या पेटीतलं काढून तिला दिलं होतं, हिरवं फाटलं म्हणून.

"आन् हात," जाता जाता ती म्हणाली, "बजरंगचा हात धरायला गेलता. ढकलायला न्हाई. तेवढं नीट कर."

"हां हां, मावशी, करतो," सत्यम म्हणाला.

त्यानं बाकी सगळं केलं. तेवढं केलं नाही.

दुसरा व्हिडिओ आला तेव्हा कुणी हसलं नाही. हिवर होता. वाकलेली फांदी होती. कपाळावर पांढरं असलेलं कोकरू अंगदच्या पायाशी घुटमळत होतं. अंगद हसत हसत बांधावरून यायचा, बजरंग दोन्ही हातांनी त्याला ढकलायचा, पांढरा सदरा खाली जायचा. आवाज कुणाचाच नव्हता, नुसतं रडवं संगीत. आणि हिवराखाली काठी धरून, अंजिरी लुगड्यातली सारजाबाई उभी होती आणि बघत होती.

स्वतःला असं बाहेरून बघायची तिला सवय नव्हती. लग्नातला एक फोटो होता, तोही पुरात गेला होता. आता गावात जी ती बाई म्हणायची, "सारजे, तू लई झ्याक दिसतीस गं." बाजारच्या दिवशी धारूरला अनोळखी माणसं थांबवून विचारायची, "तुमी त्या व्हिडिओतल्या मावशी न्हवं?" कॉलेजातल्या पोरी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायच्या. तिच्या उभ्या जन्मात कुणी तिला गळ्यात हात टाकून विचारलं नव्हतं. ती लाजायची, आणि मग त्यांना हकीकत सांगायला लागायची. सुरुवातीला सांगताना म्हणायची, "व्हिडिओत ढकललेलं दावलंय, ते खोटं हाय बरं." पोरींना ते ऐकायचं नसायचं. हळूहळू ते वाक्य सांगायचं राहून जायला लागलं.

पण खरा घात केला तो या कौतुकानं नाही. तो बायनाबाईंच्या दुःखानं केला.

बायनाबाई दुपारच्या तिला बोलावून घ्यायच्या. मागच्या पडवीत दोघी बसायच्या. विजयसिंहनं आईला फोन घेऊन दिला होता आणि त्यात तो एकच व्हिडिओ बघायला त्या शिकल्या होत्या. मुलाचा असा हसत चालत येणारा दुसरा व्हिडिओ घरात नव्हता. जिवंतपणी अंगद घरात हसायचाही कमीच.

"हे बघ सारजा, आला. बघ कसा येतोय," त्या म्हणायच्या. "एवढंच बघायचं मला. पुढचं न्हाई बघायचं."

पण त्यांचं बोट वेळेवर पडायचं नाही. तेवढ्यात हात पुढं यायचे, सदरा खाली जायचा, बायनाबाईंच्या घशातून आवाज निघायचा, आणि व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू होऊन अंगद हसत बांधावरून यायचा. पडला की यायचा, आला की पडायचा. सारजाबाई त्यांचा हात धरून बसायची. तिनंही पोटचं एक लेकरू घालवलं होतं. उठून जाणं तिला जमत नव्हतं, आणि असल्या वेळी 'बाई, हे असं झालं न्हाई' म्हणायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं. त्या पडवीत हिवाळा गेला.

निवडणूक झाली, विजयसिंह निवडून आला, तरी व्हिडिओ फिरायचा थांबला नाही. आता फौजदारी करायचीच, असं त्यानं मनावर घेतलं. अर्जुनराव आडवे आले. जुना माणूस, हट्टी, पण सरळ. त्यांनी मेंढरांच्या वाड्यावर येऊन सारजाबाईच्या नवऱ्याला, आसारामला, आणि बजरंगला समोर बसवलं.

"त्या डबड्यातल्या चित्रावर मी कुणाच्या पोराला तुरुंगात घालणार न्हाई," ते म्हणाले. "खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर असतंय. कानावर आलेलं खोटं, डोळ्यानं बघितलेलं खरं. बघितलंय सारजानं. तिनं खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलावा आन् बोलावं. ती म्हणली ढकललं न्हाई, तर विजयसिंहाला मी घरात कोंडंन, पण केस व्हऊ देणार न्हाई."

बजरंगचा चेहरा उजळला. धनगराच्या घरात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर कळप आंधळा होतो, असं लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि मावशीनं तर सगळं पाहिलेलं. अंजूनं त्या दिवशी माहेरी फोन केला, आणि तिची आई रतनबाई फोनवरच रडायला लागली, आनंदानं. विहिणीसाठी तिनं शेंगदाण्याचे लाडू पाठवून दिले.

सारजाबाई भंडाऱ्याला घाबरत नव्हती, पण मानत होती. बोलायचं ते तंतोतंत बोलायचं, म्हणून मेंढरांना पाणी पाजताना ती मनातल्या मनात उजळणी करायला बसली. अंगद आला. हसत आला. कोकरू पायाशी. बजरंग उठला. हात पुढं आले.

ती थांबली. पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. अंगद बांधावरून आला, बजरंग उठला, दोन्ही हात पुढं आले, आणि अंगदच्या छातीला लागले. तिनं डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. अगदी स्वच्छ दिसत होतं. सदऱ्याला पडलेली घडीसुद्धा दिसत होती.

आणि मग तिला प्रश्न पडला. हे आपल्याला एवढं स्वच्छ दिसतंय, तर त्या संध्याकाळी अर्जुनरावांच्या ओट्यावर आपण दुसरं काय सांगितलं? कावून सांगितलं? सुनेचा भाऊ म्हणून. सोयरा म्हणून जीभ वळली आपली, आणि पुढं आपण आपल्यालाच तसं समजावत आलो. त्या माउलीच्या हातात हात घालून बसलो आणि तिच्याशीच खोटं बोललो. असं तिला वाटलं, आणि एकदा तसं वाटल्यावर तिचा प्रामाणिकपणाच तिच्या मुळावर उठला. दुसरी एखादी ढिली बाई असती तर म्हणाली असती, जाऊ दे, सोयऱ्याला वाचवू. सारजाबाईला ते येत नव्हतं.

संध्याकाळी अंजूनं लाडू वाढले. "आत्या, उद्या एकदाचं मिटतंय बघा," ती म्हणाली. सारजाबाईनं लाडू हातात धरला आणि तसाच ताटात ठेवला.

रविवारी खंडोबाच्या देवळात माणूस मावत नव्हता. विजयसिंह खांबाला टेकून उभा होता. पोरांनी फोन वर धरले होते, ते अर्जुनरावांनी शिवी देऊन खाली घ्यायला लावले. सारजाबाईनं न्हाऊन अंजिरी लुगडं नेसलं होतं. गुरवानं तिच्या ओंजळीत बेलाची पानं ठेवली आणि वर भंडारा ओतला. पिवळी पूड तिच्या बोटांतून जमिनीवर सांडत होती. बजरंग समोरच होता, पोरगा जरासा हसतच होता.

"काय बघितलंस सारजा, बोल," अर्जुनराव म्हणाले.

"मालक, मी आंदी खोटं बोलले," ती म्हणाली. "सोयऱ्याची माया आडवी आली. खंडोबाची आन, मी माझ्या डोळ्यानं बघितलं. बजरंगनं ढकललं."

 अंजूच्या हातातलं नैवेद्याचं ताट पडल्याचा आवाज झाला. बजरंगचं हसू गेलं नाही, तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण ते काढायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. त्यानं सारजाबाईकडं पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडं पाहिलं. 

बजरंगला पोलिसांनी नेलं. सोयऱ्याविरुद्ध भंडारा उचलून बोललेली बाई, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. त्याच्या भावकीतलं एक माणूस त्याच्या मागं उभं राहिलं नाही. जामिनाला सुद्धा कुणी पुढं आलं नाही. रतनबाई एकदा लेकीला भेटायला आली, दारातच उभी राहून बोलली आणि विहिणीकडं न बघता निघून गेली. अंजू घर सोडून गेली नाही. ती भाकरी थापायची, सासूच्या पुढ्यात ताट ठेवायची, आणि तोंडातून शब्द काढायची नाही. सारजाबाईला वाटायचं, खऱ्याची किंमत मोजावीच लागते. ती मोजत होती. अर्जुनराव तिला पाहून हात जोडायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजूनं वाकळ शिवायला जुनेरं काढली. फाटकी धोतरं, परकर, टॉवेल, असा ढीग अंगणात टाकून ती पाणी आणायला गेली. सारजाबाई एकेक धडपं वेगळं करायला बसली. ढिगातून हिरवं लुगडं हाती आलं. अर्धंच. एका टोकाला चिखल वाळून कडक झालेला, आणि मधला भाग तंतू तंतू होऊन तुटलेला.

ते हातात धरताच तिचे तळवे जळाले. उगाच नाही, खरंच जळाले. लुगडं ओढताना कातडं सोलून निघालं होतं ती जागा. पाय आपोआप जमिनीत रुतायला लागले, हिवराच्या मुळावर रुतले होते तसे. आणि कानात खालून, पाण्यातून आवाज आला, धापा टाकत, रडत. "सुटला, मावशी. धरला व्हता, सुटला."

त्या व्हिडिओत आवाज नव्हता. कुणाचाच नव्हता.

सारजाबाई लुगडं मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिनं डोळे मिटून ती दुपार आठवली. बांध, हिवर, अंगद, बजरंग. आणि हिवराखाली उभी बाई, अंजिरी लुगड्यातली. तिला स्वतःची पाठ दिसत होती, काठीवरचा हात दिसत होता. माणसाला स्वतःची पाठ कशी दिसेल? आणि अंजिरी लुगडं तर अंगदच्या तेराव्याचं. अंगद जिवंत असताना ते बायनाबाईंच्या पेटीत होतं. तिनं त्या चित्रातल्या मेंढरांकडं पाहिलं. काळीच होती, दख्खनीच होती. तिनं एकेकीचं तोंड ओळखायचा प्रयत्न केला. त्यातली एकही तिची नव्हती.

अंजू कळशी घेऊन आली तेव्हा सासू अंगणात कपाळ बडवून घेत होती. आसाराम दारात उभा होता. "भंडारा उचललेला हाय," तो एवढंच म्हणाला. "आता माघारी घेता येत न्हाई."

"न येऊ दे," सारजाबाई म्हणाली. "माझं काय व्हायचं ते व्हऊ दे. अंजे, मला बीडला ने."

वकिलाकडं आधी गेल्या. वकील वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पहिला जबाब एक, देवळातलं दुसरं, आता हे तिसरं. कोण ऐकणार? आणि बजरंगनं स्वतःच कबूल केलंय."

अंजूनं सासूकडं पाहिलं. दोघींनाही ते माहीत नव्हतं.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत जाळीपलीकडं बजरंग येऊन बसला. वाळला होता. मुंडाशाशिवाय त्याचं डोकं लहान पोरासारखं दिसत होतं. सारजाबाईनं पिशवीतून हिरवं लुगडं काढून जाळीला लावलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. तू मनगट धरलं व्हतंस. तू उडी टाकलीस. तू खालून ओरडलास, सुटला म्हणून. मी ऐकलंय, ह्या कानांनी ऐकलंय. माझे डोळे फितूर झाले रं लेकरा, मला माफ कर.

बजरंगनं शांतपणे ऐकलं. रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी असं ओरडलो व्हतो?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आसंल. उडी मारल्याली आठवती मला. पाणी लई गार व्हतं." त्यानं तळवे एकमेकांवर घासले. "पण त्याच्या आंदीचं... मावशी, पोलिसांनी मला तो व्हिडिओ लई येळा दावला. पहिल्यांदा मी न्हाई न्हाई म्हणत व्हतो. पण तुमी भंडारा उचलला व्हता. मी म्हणलं, मावशी भंडारा उचलून खोटं बोलणार न्हाई. मग मीच रोज बघायला लागलो, डोळे मिटून. मला बी दिसतंय. दोनी हात दिसत्यात. त्यानं थोबाडीत मारली, मला राग आलता. ढकललंच असणार मी."

"न्हाई रं. न्हाई. ते चित्र हाय. मीच त्या पोराला सांगून नीट करून घेतलंय."

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिच्याबद्दल कीव होती, "आता तुमची सोयऱ्याची माया आडवी येतीय. अंजीकडं बघून बोलताव तुमी. देवळात बोललात तेच खरं हाय. तुमी डोळ्यानं बघितलं व्हतं."

तिनं तोंड उघडलं. ढकललं नाहीस, हे मी पाहिलंय, एवढं एक वाक्य तिला बोलायचं होतं. ते बोलायला तिनं डोळे मिटले, एकदा, फक्त एकदा तो हात मनगट धरताना बघावा म्हणून. मनगट दिसलं नाही. ते खोटं आहे हे तिला कळत होतं, लुगडं हातात होतं, आवाज कानात होता. पण डोळ्यांपुढं दुसरं काहीच येत नव्हतं. आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगायचं तिला अजूनही येत नव्हतं.

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. बजरंग उठला, जाळीतून अंजूच्या बोटांना बोटं लावून आत गेला. कोकराचं काय झालं, असं त्यानं जाता जाता विचारलं, आणि अंजूनं सांगितलं की ते मोठं झालंय.

बाहेर दरवाज्याशी भेटीला आलेल्या बायका उन्हात बसल्या होत्या. त्यातली एक सारजाबाईकडं बोट करून दुसरीला काहीतरी म्हणाली. मग तिनं फोन काढला आणि मांडीवर धरला. सारजाबाईनं जाता जाता वाकून पाहिलं. अंगद हसत बांधावरून येत होता. हिवराखाली अंजिरी लुगड्यातली बाई उभी होती. पांढरा सदरा खाली गेला. पळ की गं, सारजाबाई तिला म्हणाली, लुगडं सोड, पळ. त्या बायकांनी दचकून वर पाहिलं. फोनमधली बाई काठी धरून तशीच उभी राहिली, आणि अंगद पुन्हा बांधावरून यायला लागला.